सत्तेचाळीस आणि एक

डेल्फीन रूथियरला आमच्या मंगळवारच्या गटात सगळे शेपूट म्हणायचे, आणि तिला त्यात काही वावगं वाटत नसे. हिवाळ्यात डोंगर चढताना सगळ्यांत पुढे वाट काढणारा असतो आणि सगळ्यांत मागे शेपूट. शेपटाच्या मागे कुणी राहायचं नाही, हा नियम. कुणाला बरं वाटेनासं झालं किंवा कुणाचा धीर सुटला, तर तो माणूस खाली वळतो आणि त्याच्याबरोबर शेपूटही वळतं. बाकीचे वर जातात. यावर चर्चा होत नाही.

हे काम आळीपाळीने करायचं असं कधीतरी ठरलं होतं. पण आळीपाळी कशी चालते ते सगळ्यांनाच ठाऊक असतं. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या गळ्यात ते पडतं आणि मग ते त्याचंच होतं. डेल्फीनला नाही म्हणता येत होतं, चांगलं खणखणीत म्हणता येत होतं, तरी ते तिच्याकडे गेलं. याचं कारण तिची बस असावी. ती तीस वर्षं शाळेची बस चालवत होती. शेवटचा थांबा झाला की बस उभी करून पार मागच्या बाकापर्यंत चालत जायचं, कुणी पोर झोपून तर राहिलं नाही ना बघायचं, आणि मगच किल्ली काढायची. माणसाला ही सवय एकदा लागली की तो डोंगरावरही शेवटच्या बाकापर्यंत जाऊन येतो.

ती मूळची आमच्या शेजारच्या बर्लिन गावातली. जर्मनीतलं नव्हे, न्यू हॅम्पशायरमधलं, कागदाच्या गिरणीचं. बाप गिरणीत, आजोबा गिरणीत, घरात बोली कॅनडाकडची फ्रेंच. इंग्रजी ती आमच्यासारखंच बोलायची, पण शिव्या द्यायची वेळ आली की आजोबांच्या भाषेत जायची. नवरा लवकर गेला. त्याच्याबद्दल ती एवढंच सांगायची की माणूस चांगला होता, पण घोरायचा. पन्नाशीनंतर ती डोंगर चढायला लागली. का, असं मी एकदा विचारलं होतं. "घरी टीव्ही बिघडला होता," ती म्हणाली.

तर ती देवमाणूस वगैरे नव्हती. तिच्याबरोबर खाली उतरणाऱ्याला ते लगेच कळायचं. एक दातांचा डॉक्टर पोट बिघडून परतला, त्याला तिने चार मैल ऐकवलं. "सकाळी काय खाल्लंस? अंडी? डोंगरावर येताना अंडी? आणि तू लोकांना काय खावं ते सांगतोस?" एक मुलगी कड्यावर रडायला लागली, तर तिला म्हणाली, "रड, पण चालता चालता रड. उभी राहून रडलीस तर डोळे गोठतील." आणि मग गाडीपाशी आल्यावर टॉवेलात गुंडाळलेला मटणाचा 'पाय' काढायची, तंगडी नव्हे, आपल्याकडची ती बंद कडांची गोल कचोरी म्हणा, आणि त्या माणसाला दोन तुकडे खायला लावायची. नको म्हणायची सोय नव्हती.

आता तिची अडचण सांगते. आमच्या राज्यात चार हजार फुटांवरची अठ्ठेचाळीस शिखरं आहेत. कळसूबाई पाहिलेल्या माणसाने हसू नये. उंचीचं सोडा, वारा बघा. ही अठ्ठेचाळीस हिवाळ्यात चढायची, हे इथल्या लोकांचं वेड आहे. आणि हिवाळा म्हणजे थंडी असलेले दिवस नव्हेत. पंचांगातला हिवाळा. डिसेंबरात तो ज्या मिनिटाला लागतो आणि मार्चमध्ये ज्या मिनिटाला संपतो, त्याच्या आत पाय शिखरावर पडला पाहिजे. बाहेर कितीही बर्फ असो, मिनिट टळलं की तो वसंत. कुणी तपासायला येत नाही. आपणच आपल्या मनाशी मोजायचं असतं, म्हणून तर लोक जास्त काटेकोर असतात.

डेल्फीनची सत्तेचाळीस झाली होती. राहिलं होतं ते मोराया. हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या तोंडून 'मंगलमूर्ती' निघता निघता राहिलं होतं. आता इथल्या वीस वर्षांत सवय झाली. मोराया तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायचं. भांडी घासताना समोर तेच. तीनदा ती त्याच्यावर निघाली आणि तीनदा कुणाला तरी घेऊन खाली आली. दातांचा डॉक्टर तिथलाच, रडणारी मुलगीही तिथलीच. तिसऱ्या वेळी तर खुद्द आमचा पुढारी लेलंड, घोटा मुरगळून. लेलंड निवृत्त वनरक्षक. त्याला ती गोष्ट अजून टोचते.

त्या हिवाळ्यात तिचा गुडघा गेला. एप्रिलमध्ये तो बदलायचं ठरलं. डॉक्टरांनी सांगितलं, चाला, फिरा, पण पाठीवर ओझं घेऊन बर्फाळ उतार आता विसरा. फेब्रुवारी दुखण्यात गेला, मार्चचे पहिले आठवडे वादळात. उरला शेवटचा दिवस. हिवाळा दुपारी एकला तीन मिनिटं कमी असताना संपत होता. वार गुरुवार होता, तरी मंगळवारचा गट झाडून आला.

पहाटे पायथ्याशी गाड्या लागल्या. निघताना थंडी वाजलीच पाहिजे असा आमच्यात दंडक आहे, कारण जाड कोट घालून चढलं की घाम येतो आणि वर तोच घाम गोठतो. त्यामुळे सगळे कोट काढून कुडकुडत उभे होते. पाण्याच्या बाटल्या उलट्या ठेवल्या जात होत्या, म्हणजे तोंडाशी बर्फ धरत नाही. डेल्फीन बुटांखाली लोखंडी काटे चढवायला जरा बाजूला वाकली, तेवढ्यात लेलंडने आम्हा बाकीच्यांना जवळ घेतलं.

"आज शेपूट मार्नी. डेल पुढे चालेल, माझ्या मागोमाग. आणि ऐका, आज कुणाला काही होणार नाहीये. कळलं?"

"म्हणजे?" मार्नीने विचारलं. ती गावच्या ग्रंथालयात असते आणि तिला सगळं नीट कळायला हवं असतं.

"म्हणजे कुणाचं पोट बिघडणार नाही. कुणी रडणार नाही. बास."

आम्ही हसलो. प्रेमापोटीच बोलला होता तो. पण हिवाळ्यात डोंगरावर जाणाऱ्या माणसांना असं सांगू नये. काही झालं तर लगेच सांगायचं, एवढ्या एका गोष्टीवर तर सगळा गट चालतो.

डेल्फीनला पुढे चालता येईना. पाठ बघायची सवय, आणि समोर फक्त लेलंडची एकच पाठ. दर थोड्या वेळाने ती मागे वळून ओरडायची, "सगळे ठीक?" आणि आम्ही शाळेतल्या पोरांसारखे एका सुरात "ठीक!" म्हणायचो.

"इतके ठीक तर तुम्ही आयुष्यात कधी नव्हता," ती म्हणाली.

माझ्या टाचेला फोड आला होता. मी बोलले नाही. पुढे चालणाऱ्या लेलंडच्या डाव्या बुटाचे काटे दोनदा निसटले, त्याने दोनदा 'जरा नजारा बघू' म्हणून थांबून ते गुपचूप बसवले. धुक्यात नजारा कसला! आणि ऑरिनचं काय चाललं होतं ते आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

ऑरिन पेटिंगिलचं गावात हार्डवेअरचं दुकान आहे. खिळे, दिवे, फावडी आणि हिवाळाभर हातमोजे विकतो. शेवटच्या शिखरावर केक कापायचा रिवाज आहे, आणि तो केक त्याच्या पाठीवर होता. मेपलच्या साखरेचा, त्याच्या बायकोने केलेला, डब्यात. डबा पिशवीत मावेना म्हणून सकाळी त्याने जादा हातमोज्यांची जोडी काढून दुकानातच ठेवली होती. हातमोजे विकणाऱ्याने! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

पहिल्या कातळावर निळा बर्फ होता. तिथे ऑरिन घसरला. फार नाही, पण उजवा हात बर्फाखालून झिरपणाऱ्या पाण्यात मनगटापर्यंत गेला. मागे फक्त मार्नी होती आणि तीही तेव्हा आपले काटे रोवण्यात गुंतलेली. तो उठला, हातमोजा झटकला, पुन्हा घातला आणि चालू लागला. सांगितलं असतं तर लेलंडकडे एक जादा जोडी होती, माझ्याकडे एक होती. पण सांगितलं की थांबणं आलं, थांबणं आलं की मिनिटं गेली. आणि आज तर कुणाला काही होणारच नव्हतं.

झाडं खुजी व्हायला लागली की तिथे थांबायचं. जोडीदाराने जोडीदाराचा चेहरा बघायचा, गालावर नाकावर पांढरा डाग आहे का. स्वतःचा स्वतःला दिसत नाही आणि त्या जागी दुखतही नाही, म्हणून दुसऱ्याने बघायचा. डेल्फीनचा जोडीदार कायम ऑरिन. ती खाली आली, त्याच्यापुढे उभी राहिली.

"फडकं खाली कर."

त्याने तोंडावरचं फडकं डाव्या हाताने ओढलं. उजवा कोटाच्या खिशात.

"उजवा हात कुठाय?"

"आहे की. खिशात."

"बाहेर काढ."

"डेल, चल ना, अर्धा तास राहिलाय फक्त. वर बघू."

"ऑरिन, तीस वर्षं पोरांच्या खिशातले बेडूक काढलेत मी. काढ."

त्याने हात काढला. मोजा कडक झाला होता, तो निघेना. तिने दातांनी ओढून काढला. करंगळी आणि तिच्या शेजारची दोन बोटं पांढरी, मेणासारखी. तिने चिमटा घेतला. ऑरिनला काही कळलं नाही.

तिच्या तोंडून आजोबांच्या भाषेतला देवळाचा उद्धार निघाला. "तबारनाक! कधीपासून?"

"खालच्या कातळापासून."

"आणि बोलला का नाहीस, गाढवा?"

"तू परत फिरली असतीस म्हणून," ऑरिन म्हणाला. 

मग तिने जे केलं ते आम्ही सगळ्यांनीच कधी ना कधी करायला शिकलेलो आहोत, पण तिने चर्चा न करता केलं. खुज्या झाडांच्या आडोशाला ती बर्फात बसली, कोट उघडला, आतले तीन सदरे वर ओढले आणि ऑरिनचा हात आपल्या उघड्या पोटावर दाबून धरला. वरून सगळं झाकून घेतलं.

"आई गं! वीस वर्षांत इथे कुणाचा हात आला नव्हता, आणि आला तर हा! बर्फाचा गोळा!"

"बायकोला सांगू नकोस," ऑरिन म्हणाला.

"सांगणार. तिला म्हणणार, तुझ्या केकपायी हे झालं."

आम्ही त्यांच्याभोवती वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिलो. घड्याळाकडे कुणी बघत नव्हतं, म्हणजे सगळेच बघत होते. बोटं ऊब धरायला लागली तसा ऑरिन कळवळायला लागला. गोठलेलं परत येताना फार दुखतं. मोठा साठीचा माणूस, त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ती त्याला म्हणत होती, "दुखतंय ना? चांगलं आहे. आणखी दुखू दे." दोन बोटं लाल झाली. करंगळीचं टोक पांढरंच राहिलं.

तिने त्याचा हात माझ्याकडच्या जादा, कोरड्या हातमोज्यात घातला आणि आपली पिशवी उचलली. तोंड खालच्या वाटेकडे.

"कुठे चाललीस?" मार्नीने विचारलं.

"खाली. याला घेऊन."

"आज शेपूट मी आहे. नियम तूच शिकवलास मला. तू वर जा."

"मार्नी, वाद घालू नकोस, वेळ जातोय."

"माझा नाही जात. तुझा जातोय."

लेलंड मध्ये पडायला गेला तर दोघींनी त्याला गप्प केलं. शेवटी ऑरिनच बोलला. तो एका दगडावर बसला होता. "डेल, तू खाली आलीस तर मी इथून उठणार नाही. बघ. इथेच बसून राहीन. मग चौथं बोटही जाईल." आणि मग हळू, "फुकट नको घालवूस माझं."

डेल्फीन त्याच्याकडे बघत राहिली. तिला राग आला होता, तो कुणावर काढावा कळत नव्हतं. मग तिने केकचा डबा त्याच्या पिशवीतून काढून लेलंडच्या हातात कोंबला आणि वरच्या वाटेला लागली.

वरचा टप्पा बर्फाचा होता, नुसता. काटे करकरत होते आणि तिचा गुडघा दर पावलाला अडत होता. एरवी मागून शिव्या घालणारी ही बाई पुढे चालताना एक अक्षर बोलली नाही. लेलंड दोनदा थांबला, हात द्यायला. दोन्ही वेळा तिने तो बाजूला सारला. मी तिच्या मागे होते. मला तिचा श्वास ऐकू येत होता आणि माझी नजर सारखी मनगटाकडे जात होती. एकला तीन कमी झाले तेव्हा आम्ही शेवटच्या कातळाखाली होतो. मला ते दिसलं, लेलंडलाही दिसलं. त्याने बाही खाली ओढून घड्याळ झाकलं आणि चालत राहिला. मीही चालत राहिले.

माथ्यावर धुकं, वारा आणि वितभर उंच झुडपं. खिडकीतून रोज दिसणारा डोंगर, पण तिथून तिची खिडकी काही दिसत नव्हती. डेल्फीनने माथ्यावरच्या दगडावर हात ठेवला.

"वेळेत!" लेलंड ओरडला. "वेळेत आलीस, म्हातारे! अठ्ठेचाळीस!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मोज्यांतल्या टाळ्या, त्यांचा आवाज होत नाही. डेल्फीनने सगळ्यांचे चेहरे एकेक करून बघितले आणि माझ्यापाशी थांबली. मला खोटं बोलता येत नाही हे गटात सगळ्यांना माहीत आहे. पत्त्यांत मला कुणी भिडू घेत नाही.

"किती वाजले?"

मी लेलंडकडे बघितलं.

"त्याच्याकडे नको, घड्याळाकडे बघ."

"एक वाजून चार," मी म्हणाले.

  मला वाटलं ती रडेल. 

"सकाळपासून तुम्ही सगळे माझ्यापासून लपवताय," ती म्हणाली. "त्याने बोटं लपवली, तू घड्याळ लपवलंस, हिने टाचेचा फोड लपवलाय, लंगडतेय कधीची, मला काय दिसत नाही? पंधरा वर्षं मागे चालले ते कशासाठी? तुम्ही मला सांगावं म्हणून ना? मला काय करायचंय असलं शिखर?"

"डेल, सात मिनिटांनी काय होतं? कुणाला कळणारे?" लेलंड म्हणाला.

"मला." मग नाक पुसून तिने हात पुढे केला. "केक काढ. सत्तेचाळीस आणि एक वसंतातलं. त्याचाही केक असतो की नाही?"

केक दगड झाला होता. लेलंडने तो खडकावर आपटून फोडला आणि आम्ही तुकडे गालात धरून चघळले. चव चांगली होती.

उतरताना तिला कुणी पुढे चाल म्हणालं नाही. ती मागे राहिली आणि वाटेत मला बसवून टाचेला पट्टी लावली. दोन तास ती पुटपुटत होती. खोटं बोलणाऱ्या माणसांबरोबर डोंगरावर जाण्यापेक्षा एकटं जावं, निदान जो खोटं बोलतोय तो कोण ते तरी कळतं. लेलंड मान खाली घालून ऐकत होता.

गाड्यांपाशी मार्नीची गाडी सुरूच होती, आत ऊब करून. ऑरिन मागच्या बाकावर, हात फडक्यात गुंडाळून छातीशी धरलेला, तोंड रडून सुजलेलं. त्याला इस्पितळात न्यायचं होतं, पण तो अडून बसला होता, डेल येईपर्यंत नाही म्हणून. आम्ही दिसल्याबरोबर त्याने डाव्या हाताने काच खाली केली.

"पोचलीस?"

डेल्फीन गाडीपाशी गेली. आम्ही सगळे तिच्या मागे उभे होतो. लेलंडने माझ्याकडे बघितलं, मी जमिनीकडे.

"पोचले," ती म्हणाली. "वेळेत."

"किती आधी?"

"पाच-सात मिनिटं. लेलंडला विचार."

"हो," लेलंड म्हणाला. "पाच-सात."

ऑरिन हसला, मग त्याला पुन्हा रडू आलं. तिने दार उघडलं, त्याच्या शेजारी बसली आणि मार्नीला म्हणाली, "चल, बघत काय बसलीस, इस्पितळ काय चालत येणार आहे?"

करंगळीचं टोक गेलं. डॉक्टरांनी फार वाट बघितली, पण गेलं. डेल्फीनचा गुडघा एप्रिलमध्ये बदलला, छान बसला, आणि ती हिवाळ्यात पुन्हा कधी वर आली नाही. ऑरिन दुकानात गल्ल्यावर उभा असतो. कुणी बोटाबद्दल विचारलं की सांगायला त्याला फार आवडतं. समोर डेल्फीन दिवा किंवा खिळे घ्यायला आलेली असली तर तिला थांबवून घेतो. "हीच ती. अठ्ठेचाळीस, सगळी हिवाळ्यात. शेवटचं पाच मिनिटं राखून."

परवा मी तिथेच होते. कुठली तरी नवीन बाई, शहरातून आलेली, कौतुकाने डेल्फीनला म्हणाली, "खरंच? सगळी?"

"सगळी," डेल्फीन म्हणाली, आणि खिळ्यांचे पैसे त्याच्या नऊ बोटांच्या आणि एका अर्ध्या बोटाच्या हातांत मोजून दिले.